कानाचा सुटा भाग मिळत नाही

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाजारपेठेत दुकान असलेले सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ सपत्नीक रक्तदाब तपासायला आले होते. तपासणी झाली, औषधाची चिठ्ठी झाली. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला स्पीकर-अँप्लिफायरमधलं कळतं असं ऐकलंय. एक सल्ला द्या. आमच्या होम थिएटरचा मधला स्पीकर आता तिसऱ्यांदा बदलू का? मारामारी, गाणी खणखणीत ऐकू येतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. दरवेळी आवाज वाढवावा लागतो."

त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना कळतं हो डॉक्टर. ह्यांनाच तेवढं कळत नाही."

मी त्यांना परत बसवले. विचारले, "कानात काही वाजतं का?" ते म्हणाले, "रात्री निजानीज झाली की रातकिडे ओरडल्यासारखं होतं. ते सगळ्यांनाच होत असेल ना?"

सगळ्यांना होत नाही. मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. ऑडिओग्राम म्हणजे श्रवणशक्तीचा आलेख काढला. जाड, खालच्या आवाजांना दोन्ही कान ठीक होते. मात्र ४००० हर्ट्झच्या आसपास आलेखात विहिरीसारखा खड्डा होता. मोठ्या आवाजाने कानाला झालेल्या इजेची ही नेहमीची खूण. मधला स्पीकर पहिल्यापासून चांगलाच होता. बिघडले होते ते कान, आणि ते दुरुस्त करणारा मेकॅनिक कुठेही नाही.

हे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. सगळा दोष मी त्यांच्या सेटच्या माथी मारणार नाही. तरुणपणी ते ढोलपथकात होते. पण गेली सहा वर्षे रोज रात्री दोन-अडीच तास बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत मोठ्या आवाजात चित्रपट पाहणे, हाही त्या खड्ड्यातला मोठा वाटा असणार.

कानात काय बिघडते?

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, शंखासारख्या वेटोळ्यात, साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. माणसाच्या बाबतीत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कातडी भरून येते, हाड जुळून येते; हे मात्र भरून येत नाही.

सुरुवातीला नुकसान वरच्या पट्टीत होते. मराठीतील स, श, फ, थ, ट ही व्यंजने ओळखायला नेमकी तीच पट्टी लागते. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणून 'साठ' म्हटलेले 'आठ' वाटते, आणि माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." मग तो आवाज वाढवतो. त्याने उरलेल्या पेशींवर आणखी मार बसतो. म्हणजे रोगी औषध समजून रोगाचे कारणच रोज थोडे जास्त घेतो.

लग्नाच्या वरातीतून घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, सकाळी मोकळे होतात. आपण म्हणतो, झाले बरे. पण २००९ साली कुजावा आणि लिबरमन या अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात निराळेच दिसले. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि नस यांना जोडणारे पुष्कळ धागे कायमचे तुटले होते. माणसाच्या कानातही असेच होत असावे, अशी दाट शंका आहे. तेव्हा 'सकाळी मोकळे झाले' यावर फार विसंबू नये.

माझाही आलेख

मी या छंदाचा शत्रू नाही. १९९० च्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही तिघे मित्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अँप्लिफायर जोडत असू. लाकडी खोक्यात स्पीकर बसवायचा, आत कापूस भरायचा, कॅसेट लावायची आणि खोलीच्या काचा थरथरल्या की एकमेकांना शाबासकी द्यायची. गॅदरिंगला तर स्पीकरच्या भिंतीला टेकूनच आमचा मुक्काम असे. कान दोन दोन दिवस सुन्न राहत. शिकत होतो वैद्यकशास्त्र, पण स्वतःच्या कानाला ते लागू आहे हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

या गृहस्थांच्या निमित्ताने मीही आलेख काढून घेतला. तोच खड्डा, थोडा उथळ. पावसाळ्यात रात्री आमची सौ. म्हणते, "किती रातकिडे ओरडताहेत!" मला फक्त पाऊस ऐकू येतो. त्यांना कानात नसलेले रातकिडे ऐकू येतात आणि मला अंगणातले असलेले ऐकू येत नाहीत. दोघांचा गुन्हा एकच.

वॅटचा फसवा हिशेब

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दसपट. मात्र दसपट ऊर्जा कानाला जेमतेम दुप्पट मोठी वाटते. म्हणून ५० वॅटचा अँप्लिफायर काढून १०० वॅटचा आणला तर जास्तीत जास्त ३ डेसिबलचा फरक पडतो. खरोखर दुप्पट मोठे ऐकायचे तर ५०० वॅट लागतील. पूर्वी खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' छापलेले असत, त्याचा तर प्रत्यक्ष आवाजाशी फारसा संबंधच नसे. बघायचा आकडा 'आरएमएस'चा. दुकानात दोन सेट ऐकवताना ज्याचा आवाज थोडा मोठा, तोच आपल्याला चांगला वाटतो. कानाची ही खोड ध्यानात ठेवून दोन्ही सेट सारख्याच आवाजात ऐकवायला सांगावे.

आता कानाचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खिशातल्या ऐकण्याच्या उपकरणांसाठी मर्यादा सुचवली: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला अडीच तास. याचा अर्थ, ९२ डेसिबलने एक हिंदी चित्रपट पाहिला की आठवड्याचा सगळा कोटा संपला. आवाज हेडफोनमधून आला की भिंतीवरच्या स्पीकरमधून, कानाला त्याच्याशी घेणेदेणे नाही.

हौशी मंडळींमध्ये 'रेफरन्स लेव्हल'चे मोठे आकर्षण असते. ही चित्रपटगृहातील मिश्रणासाठी ठरवलेली पातळी. तिच्यावर प्रत्येक स्पीकरचा क्षणिक सर्वोच्च आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाचा, म्हणजे सबवूफरच्या वाहिनीचा, ११५ पर्यंत जाऊ शकतो. शेकडो माणसांच्या मोठ्या सभागृहासाठी बांधलेले हे माप बारा बाय पंधराच्या दिवाणखान्यात आणायचा अट्टहास कशासाठी?

"अहो डॉक्टर, बाहेर मिरवणुकीत डीजे चालतो, त्याला कुणी बोलत नाही, आमच्या घरातल्या सेटवर का घसरता?" असे काही वाचक म्हणतील. मिरवणुकीतील आवाजाचे मी समर्थन करीत नाही, त्यावर याच सदरात बोललो आहे. पण ती वर्षातून चार दिवस येते. घरचा सेट रोज लागतो, आणि त्याचे बटण आपल्याच हातात असते. कान सगळ्या आवाजांची बेरीज करतो, तो कारणे विचारत नाही.

भिंतीपलीकडचे माणूस

गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी झोपेची गोळी मागायला आल्या. हृदयविकाराचे औषध चालू. म्हणाल्या, "बोलणं ऐकू येत नाही रे बाबा, पण रात्री भिंतीतून धब् धब् येतं, छातीत बसतं." शेजारी नवा सबवूफर आला होता. गोळी आजींना द्यावी की शेजाऱ्याला, असा प्रश्न मला पडला.

खर्जाचा आवाज विटांच्या भिंतीला फारसा जुमानत नाही. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या घरात असते. आपली अख्खी खोली तेवढी लांब नसते. संवाद भिंतीत अडतात, ठोके पलीकडे जातात. सेट लावणाऱ्याला वाटते, आवाज काही मोठा नाही. पलीकडच्याला चित्रपट नाही, नुसता मार मिळतो.

कायदाही याबाबत मुका नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण शेजारधर्मात पोलीस आणायची वेळ येऊ नये. मी आजींना गोळी दिली नाही. त्यांच्या मुलाला शेजाऱ्याकडे चहाला जायला सांगितले. सबवूफर सामाईक भिंतीपासून हलला, कोपऱ्यातून बाहेर आला, दहानंतर बंद होऊ लागला. कोपऱ्यात ठेवला की खर्ज उगाच फुगतो, त्यामुळे शेजाऱ्याचा स्वतःचाही आवाज आधीपेक्षा स्वच्छ झाला!

मग करायचे काय?

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम उलटा करा. आधी कान, मग खोली, शेवटी यंत्र.

चाळिशीनंतर एकदा श्रवणचाचणी करून घ्या. स्पीकर बदलण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. घरातल्या इतरांना संवाद समजतात आणि आपल्याला समजत नाहीत, तर दुकानात नव्हे, दवाखान्यात जावे.

आपल्याकडे खोल्या म्हणजे फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. आवाज घुमतो, शब्द गढूळ होतात. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट किंवा टांगलेली गोधडी, एवढ्यानेही फरक कळतो. शब्द स्वच्छ झाले की आवाज वाढवावा लागत नाही.

संवाद दबत असतील तर सगळा आवाज न वाढवता फक्त मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवा. बऱ्याच यंत्रांत 'नाइट मोड' असतो. तो स्फोट खाली आणतो, कुजबुज वर आणतो. रात्री तोच लावावा. मोबाईलवर आवाज मोजणारे ॲप मिळते. ते अचूक नसले तरी ७० आणि ९० मधला फरक नक्की सांगते. बसण्याच्या जागी धरून बघा. शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर ॲपचीही गरज नाही.

तान्ह्या बाळाला स्पीकरसमोर खेळवू नये. दीड-दोन तासांनी कानांना विश्रांती द्यावी. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा रात्रीतून, ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांना गाठा. अशा वेळी पहिले काही दिवसच उपचाराला साथ देतात.

चांगले ऐकणे ही फार मोठी गोष्ट आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी, फायलींशी झुंजून आलेला माणूस रात्री आपल्या आवडीची मैफल किंवा चित्रपट नीट ऐकतो, यात गैर काहीच नाही. रक्तदाबालाही ते बरेच. म्हणूनच हा छंद सत्तराव्या वर्षापर्यंत टिकावा असे मला वाटते. यंत्रातील प्रत्येक भाग बाजारात मिळतो. फक्त कानाचा मिळत नाही.

ते गृहस्थ परवा पुन्हा भेटले. स्पीकर बदलला नाही. खोलीत सतरंजी आली, आवाजाचा आकडा उतरला. श्रवणयंत्राला अजून मन तयार होत नाही, लोक काय म्हणतील म्हणून. मी म्हटले, "पाच स्पीकर भिंतीला लावताना कुणाची लाज वाटली नाही, मग हा एवढासा सहावा कानात लावायला कसली?" ते हसले, आणि वहिनी म्हणाल्या, "मी घेऊन येते त्यांना सोमवारी."