वर्गशिस्त आणि बाहेरची वाट

जूनमध्ये रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाला वर्ग शांत कसा ठेवावा हे सगळेच सांगतात. वर्ग रिकामा कसा करावा हे क्वचितच कोणी सांगते. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला भिडली आणि ९४ मुले दगावली. शिक्षकांना अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले. पण साठ मुले आणि एकच दार, तिथे एकटा शिक्षण सेवक काय करणार? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. संघटनांनी हा आकडा वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरावा. आणि पहिल्याच आठवड्यात मुलांना रांगेने मैदानात नेऊन पाहण्यासाठी एक तासिका वेळापत्रकातच मागून घ्यावी.