तलफ : दोष की दुखणे?

आमच्या निपाणीची ओळख सांगावयाची तर प्रथम तंबाखूचे नाव घ्यावे लागते. येथे तंबाखू पिकते, वखारींत साठते, आणि तिच्याच विड्या वळून कित्येक मातांनी आपल्या मुलांची शिक्षणे केली. जी अन्नदात्री, तिच्या तलफेविषयी बोलणे अवघड खरेच. तथापि ते बोलले पाहिजे.

छिन्नमनस्कता, जिला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात, हा मेंदूचा आजार होय. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय मनात घर करतात, उत्साह मावळतो. अशा रुग्णांत धूम्रपान सर्वसामान्यांहून कितीतरी अधिक आढळते, असे अनेक देशांतील पाहण्यांनी दाखविले आहे. निकोटीन मेंदूत पोचताच घटकाभर मन हलके व एकाग्र झाल्यासारखे वाटते; परिणाम ओसरला की अस्वस्थता वाढते आणि हात पुन्हा विडीकडे वळतो.

आपण मात्र अशा माणसास ‘वेडा तो वेडा, वर व्यसनी’ म्हणून दुहेरी दोषी ठरवितो. कोणी विडीचे आमिष दाखवून त्याच्याकडून पाणी भरवून घेतो, कोणी गंमत म्हणून तंबाखूची चिमूट हातावर ठेवतो. घरची माणसे बजावतात, “आधी व्यसन सोड, मग दवाखान्याचे पाहू.” पाय मोडलेल्यास ‘आधी चालून दाखव’ म्हणावे, तशीच ही अट नव्हे काय? दोन्ही दुखणी एकाच देहात असता उपचारही एकत्रच व्हावयास हवेत.

त्यास वैद्यकीय कारणही आहे. विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन, ओलान्झापीन यांसारखी औषधे अधिक वेगाने निकालात काढते. म्हणून विडी ओढणाऱ्यास मात्रा अधिक लागते. उलट विडी एकाएकी सुटली तर तीच मात्रा जड होऊ शकते. यास्तव विडी सोडणे डॉक्टरांना सांगूनच व्हावे.

कोणी म्हणेल, ‘बिचाऱ्याचा तेवढाच विरंगुळा, तो का हिरावावा?’ परंतु तीव्र मनोविकार असलेल्यांचे आयुष्य इतरांहून १० ते २० वर्षांनी कमी भरते, आणि धूम्रपान हे त्याचे एक मोठे कारण आहे. आयुष्य खाणाऱ्या गोष्टीस विरंगुळा कसे म्हणावे?

पुण्यास १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार मानसिक आजारांतच गणले आहेत. आपल्या भागास धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे; शिवाय २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

विद्यार्थी मित्रहो, औषध देणे डॉक्टरांचे काम. परंतु अशा माणसास नावाने हाक मारणे, त्याची चेष्टा थांबविणे आणि त्याच्या हाती विडी न देता चार शब्द आपुलकीने बोलणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे. तलफ हा स्वभावाचा दोष नव्हे, ते दुखणे आहे. आणि दुखणाईतास शिक्षा नव्हे, शुश्रूषा द्यावयाची असते.