तोटा सोसण्याची ताकद

आपल्या कार्यकर्त्यांपैकीही कित्येकांच्या तोंडी हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना भर बाजारपेठेतल्या दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, गल्ल्यावर बसवायला माणूस नाही. साहजिकच त्यांचा माल स्वस्त पडतो आणि दुकानदार त्यांच्यापुढे टिकत नाही. यंत्रमाग आल्यावर हातमाग मागे पडला, तसेच हे. त्याबद्दल अश्रू ढाळणे समाजवाद्यांना शोभत नाही! युक्तिवाद वरकरणी सरळ आहे. अडचण एवढीच की, या कंपन्यांचे ताळेबंद त्याला दुजोरा देत नाहीत.

फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरात निघाली. २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून तिचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. इतकी वर्षे लोटल्यावर आणि इतका पैसा ओतल्यावरही तिच्या ठोक विक्रीच्या कंपनीला २०२२-२३ व २०२३-२४ या दोन्ही वर्षांत चार हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. ॲमेझॉनच्या भारतीय बाजारपेठ-कंपनीचा २०२३-२४ चा तोटा साडेतीन हजार कोटींच्या घरात होता. त्याच वर्षी डीमार्टने, म्हणजे दगडविटांच्या दुकानांनी, सुमारे ५० हजार कोटींच्या विक्रीवर अडीच हजार कोटींचा नफा मिळवला, शेकडा पाच. आणि लक्षात घ्या, घरपोच माल देणारी डीमार्टचीच उपकंपनी त्याच वर्षी तोट्यात होती. मालक तेच, खरेदीची कुवत तीच. केवळ माल दारापर्यंत नेण्याचा फरक.

कारण गूढ नाही. दुकानात गिऱ्हाईक स्वतः चालत येते, फळीवरचा माल स्वतः निवडते, पिशवी स्वतः उचलून घरी नेते. ही सगळी मजुरी दुकानदाराला फुकट मिळते. ऑनलाइन विक्रीत तिच्या प्रत्येक टप्प्यावर माणूस ठेवावा लागतो: गोदामात माल निवडणारा, बांधणारा, पोहोचवणारा, आणि चपलेचे माप चुकले की ती परत नेणारा. यंत्रमागावर एक कामगार पूर्वीच्या कितीतरी पट कापड विणू लागला. इथे मात्र एक मुलगा दुचाकीवरून दुधाची एक पिशवी आणि पावाची एक लादी घेऊन धावतो. याला उत्पादकतेची क्रांती म्हणावयाचे असेल, तर अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके नव्याने लिहावी लागतील. (ती लिहायला मंडळी तयार असतील, याविषयी मला शंका नाही.)

मग हा व्यापार चालतो कशावर? ॲमेझॉनचा २०२२ चा हिशेब पाहावा. संगणकसेवा भाड्याने देण्याच्या धंद्यात तिला सुमारे २३ अब्ज डॉलर परिचालन नफा झाला. अमेरिकेत व बाहेर वस्तू विकण्याच्या ज्या दोन विभागांचा आपण गाजावाजा ऐकतो, त्यांनी मिळून साडेदहा अब्जांचा तोटा केला. पुढील वर्षी परिस्थिती सुधारली हे खरे. पण त्या वर्षी जाहिरातींचेच उत्पन्न ४६ अब्ज डॉलरच्या वर होते. म्हणजे आधी वर्षानुवर्षे तोटा सोसून गिऱ्हाईक गोळा करावयाचे, आणि मग त्या गिऱ्हाइकासमोर आपला माल मांडू देण्याची किंमत विक्रेत्याकडून वसूल करावयाची. ही किरकोळ विक्री कमी आणि जकातनाका अधिक आहे. गावातल्या वाण्याला असा तोटा सहा महिनेही सोसवत नाही. स्पर्धा कार्यक्षमतेची नाही, तोटा सोसण्याच्या ताकदीची आहे.

कायदा काय करतो? विदेशी भांडवलाच्या बाजारपेठ-कंपनीने मालाच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असे २०१६ पासून नियमात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले. स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमात खर्चाहून कमी दराने विकून प्रतिस्पर्ध्याला संपवणे हा गैरवापर मानला आहे. पण बाजारात प्रभुत्व असलेल्या कंपनीपुरताच. दोन धनाढ्य कंपन्या एकाच वेळी तोट्यात विकू लागल्या, की दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवून ‘प्रभुत्व आमचे नव्हे’ म्हणावे आणि त्यांच्या मध्ये वाणी चिरडला जावा! ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीच जाहीरपणे विचारले, की एवढा तोटा हा खर्चाहून कमी दराने विकण्याचा प्रकार नाही काय? प्रश्न रास्त होता. पण सरकारच प्रश्न विचारू लागले, तर उत्तर कोणी द्यावयाचे?

दुकानदाराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच्याकडे बारा तास राबणाऱ्या नोकराला किमान वेतन मिळत नाही, आणि व्यापारी संघटनांच्या निवेदनांत त्या नोकराचा उल्लेख नसतो. म्हणून ‘छोटा व्यापारी विरुद्ध विदेशी कंपनी’ ही घोषणा आपल्याला जशीच्या तशी उचलता येणार नाही. भांडवलदाराला तोटा नकोसा झाला, की कात्री प्रथम विक्रेत्याच्या हिश्शाला आणि माल पोहोचवणाऱ्याच्या दराला लागते, हे आपण सांगितले पाहिजे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावयाचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही त्यावरची मर्यादा आहे. मजुरी जितकी कमी, तितकी वर्गणीही कमी!

घरपोच स्वस्त माल हे काही पाप नव्हे. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत महिन्याची मागणी आधी नोंदवून घेते, माल एकत्र खरेदी करते आणि गटातल्या एका घरी उतरवते. पुढची वाटणी सभासद आपसांत करतात. शेवटच्या मैलाची मजुरी तेथे कोणाच्या पाठीवर ढकललेली नाही. दहा मिनिटांची घाईही नाही.

प्रभुत्वाची अट काढून खर्चाखालची विक्री सर्वांनाच बंद करावी, ही मागणी आपण लावून धरू. पण त्यासाठी आकडे हवेत. तालुका शाखांनी आपापल्या गावी पार्सले वाटणाऱ्या मुलांना दर पार्सलमागे आज काय मिळते, दोन वर्षांपूर्वी काय मिळत होते आणि पेट्रोल कोणाच्या खिशातून जाते, एवढी नोंद प्रथम गोळा करावी.