जमिनीवरचा खलाशी

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरी एक वाक्य कायमचा मुक्काम ठोकून असतं: "पुढच्या वर्षी नक्की परत जायचं!" मुलं मोठी होतात, घराचे हप्ते फिटतात, वाक्य मात्र तिथंच. म्हणून या वेळी आम्ही ओळख करून देतोय अशा एका माणसाची, ज्याला परतायला 38 वर्षं लागली.

राफाएल आल्बेर्ती. स्पॅनिश कवी आणि चित्रकार. जन्म 1902 सालचा, काडिझच्या उपसागराकाठी, एल पुएर्तो दे सांता मारिया या गावी. 1917 साली घरच्यांनी बिऱ्हाड माद्रिदला हलवलं. तिथं कुठला आलाय समुद्र! पोरगा प्रादो संग्रहालयात चित्रांच्या नकला करत बसायचा. व्हायचं होतं चित्रकारच. पण फुफ्फुसाच्या दुखण्यानं अंथरूण धरलं आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत कविता हाती लागली. समुद्रासाठी झुरणाऱ्या त्या कवितांचा पहिला संग्रह 1925 साली निघाला. नाव, 'जमिनीवरचा खलाशी'. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

1936 साली यादवी युद्ध पेटलं. आल्बेर्ती प्रजासत्ताकाच्या बाजूचे. 1939 साली फ्रँको जिंकला आणि आल्बेर्ती व त्यांच्या लेखिका पत्नी मारिया तेरेसा लेओन यांना देश सोडावा लागला. आधी पॅरिस, मग अर्जेंटिना, 1963 पासून रोम. 1941 साली ब्युनोस आयर्सला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं आइताना. देश सोडताना शेवटचा दिसला, तो या नावाचा डोंगर म्हणे! आपल्याकडे मुलीला कृष्णा, गोदावरी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त या नावात निरोप होता.

परक्या मुलुखात त्यांनी कुंचला पुन्हा हाती धरला. रंग, रेषा आणि थोर चित्रकार यांच्यावर कवितांचं अख्खं पुस्तक लिहिलं. कविता आणि चित्र एकाच कागदावर नांदू लागले.

1975 साली फ्रँको वारला. 27 एप्रिल 1977 रोजी आल्बेर्ती माद्रिदला उतरले, तेव्हा वय 74! लगेच जूनमध्ये काडिझहून संसदेवर निवडून आले, पण खुर्चीत रमले नाहीत. थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. 1983 साली सेर्वांतेस पुरस्कार मिळाला. 1999 च्या ऑक्टोबरात आपल्याच गावी त्यांनी डोळे मिटले. अस्थी काडिझच्या उपसागरात सोडल्या. खलाशी समुद्रात पोचला.

ही सगळी हकीकत आम्ही जेवताना मोठ्या रंगात येऊन घरी सांगितली. कन्यारत्नानं शांतपणे विचारलं, "बाबा, त्यांना फ्रँकोनं अडवलं होतं. तुम्हाला कोणी अडवलंय?"

आम्ही आमटी वाढून घेतली. तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.