रात्री थर्मोस्टॅट खाली करावा का?

मागच्या रविवारी वर्गात मुलांचे पाढे चालू होते आणि आम्ही पालक मंडळी नेहमीप्रमाणे बाहेर कॉफी पीत उभे होतो. विषय निघाला हीटिंगच्या बिलाचा. न्यू जर्सीच्या जानेवारीत दुसरा कोणता निघणार? मी म्हणालो, "आम्ही रात्री थर्मोस्टॅट खाली करतो." त्यावर एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, "काही उपयोग नाही हो. रात्री वाचवलेलं सगळं सकाळी घर परत तापवताना खर्च होतं." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्यांत इंजिनियरच जास्त होते! म्हणून हा लेखप्रपंच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ऊर्जा वाचते, नक्की वाचते. पण थर्मोस्टॅट किती खाली करायचा, हे नुसते बिलाकडे बघून ठरवू नये. यातली पहिली गोष्ट मी कॉलेजात शिकलो. दुसरी या हिवाळ्यात घरी शिकलो.

मुलांनो, तुमच्या आजीला बंबाबद्दल विचारा. पूर्वी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापवत. मधल्या नळीत लाकडे, भोवती पाणी. सकाळी सहाला गरम पाणी हवे, म्हणून कोणी रात्रभर बंब पेटता ठेवत असे का? नाही. पाणी गरम असेपर्यंत त्यातली उष्णता सारखी बाहेर जात राहते आणि ती भरून काढायला लाकडे घालत राहावी लागतात. त्यापेक्षा पहाटे उठून बंब पेटवणे स्वस्त. हे आजीला न्यूटन न वाचता ठाऊक होते.

न्यूटनने हेच १७०१ साली नियमाच्या रूपात मांडले. गरम वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितक्या वेगाने ती वस्तू निवते. आपले घर म्हणजे एक मोठा बंबच. समजा बाहेर २८ अंश फॅरनहाइट आहे आणि आत ६८. फरक ४० अंशांचा. आत ६० ठेवले तर फरक ३२. म्हणजे भिंती, खिडक्या आणि फटींतून दर तासाला बाहेर जाणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली.

आता सकाळच्या तापवण्याचे काय? फर्नेस तेव्हा बराच वेळ सलग चालते हे खरे, आणि तो आवाज ऐकूनच आपला गैरसमज होतो. पण रात्री घर ६८ वरून ६० वर येईपर्यंत फर्नेस गप्प बसलेली होती, ते आपण झोपेत ऐकलेले नसते. घर निवताना भिंती आणि सामान यांनी जेवढी उष्णता सोडली, साधारण तेवढीच सकाळी परत भरायची असते. त्या दोन बाजूंची वजाबाकी होऊन जाते. शिल्लक राहतो तो फायदा घर कमी तापमानाला जितके तास राहिले त्या तासांचा. तास जितके जास्त, तितकी बचत जास्त.

मात्र पाचवा हिस्सा म्हणजे बिल २० टक्क्यांनी उतरले असे समजू नका. दिवसाच्या २४ तासांपैकी हे फक्त आठ, आणि घर ६० वर यायलाही वेळ लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा, की रोज आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० अंशांनी बदलला (हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर), तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

दोन सूचना. घर लवकर तापावे म्हणून सकाळी थर्मोस्टॅट एकदम ७५ वर नेऊ नका. साधी फर्नेस एकाच जोराने चालते. ती घाई करत नाही, फक्त उशिरा थांबते. आणि ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांनी जपून. सकाळी एकदम आठ-दहा अंशांची चढण दिली, तर बऱ्याच हीट पंपांतली मदतीची विजेची कॉइल चालू होते. ती खूप वीज खाते आणि मग कॉफी पिताना भेटलेल्या गृहस्थांचे म्हणणे खरे होऊ शकते. अशा घरी दोन-तीन अंशांवर समाधान मानावे किंवा थर्मोस्टॅट एकाच जागी ठेवावा.

इथपर्यंत मी जिंकलो होतो. आता हरलो कुठे ते सांगतो.

नोव्हेंबरात आई सांगलीहून आली. आम्ही तिला गराजच्या वरची खोली दिली, कारण तिथे उजेड छान येतो. रात्री मी नेहमीप्रमाणे थर्मोस्टॅट ६० वर आणत होतो. आईने एका शब्दानेही तक्रार केली नाही. फक्त ती रोज पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात चहाच्या कपाभोवती हात धरून बसलेली असे. मला वाटले, अजून भारतातल्या वेळेची सवय गेलेली नाही. तीन आठवड्यांनंतर कसली भारतातली वेळ!

शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी आणलेला थर्मामीटर एका रात्री मुलीने आजीच्या उशाशी ठेवला. सकाळी तो माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाबा, आजीच्या खोलीत फिफ्टी फोर आहे." थर्मोस्टॅट होता दिवाणखान्याजवळच्या भिंतीवर. त्याला स्वतःपुरते ६० माहीत. गराजच्या वरच्या खोलीला खालूनही थंडी लागते, हे त्याला कुठून कळणार? आणि मी तरी कुठे विचारले होते?

आईला म्हणालो, "अगं, सांगायचं नाहीस का?" ती म्हणाली, "अरे, तुझं बिल वाढेल म्हणून गप्प बसले."

माझ्या हिशेबातले सगळे आकडे बरोबर होते. फक्त बचतीचा बोजा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसावर पडत होता आणि तो रकाना माझ्या कागदावर नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरात निदान १८ सेल्सिअस, म्हणजे सुमारे ६४ फॅरनहाइट तापमान असावे असे २०१८ साली सुचवले आहे. वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसे यांना त्याहून जास्त लागू शकते.

आता रात्री आमचे घर ६४ वर असते. आईच्या खोलीत तेलाचा छोटा हीटर आहे, अंथरुणापासून तीन फूट दूर आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलेला. खिडकीच्या फटी बुजवल्या. आम्ही बाकीचे गोधडी घेतो. बचत पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, शून्य नाही. आई सहाला उठते.

पालकांना माझे एवढेच सांगणे: रात्री थर्मोस्टॅट अवश्य खाली करा, पण आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि "मला चालेल" या उत्तरावर एकदम विश्वास ठेवू नका.

मुलांनो, तुम्हांला गृहपाठ. झोपताना आणि उठल्यावर घरातल्या प्रत्येक खोलीचे तापमान एका आठवडाभर वहीत लिहा, मराठी आकड्यांत! सर्वांत थंड खोली कोणती आणि तिथे कोण झोपते, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.

– एक पालक