पिशवी, रांग आणि टाळेबंदी

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि त्यानंतर चार तासांनी, मध्यरात्रीपासून, एकवीस दिवसांची टाळेबंदी जारी झाली. घराच्या उंबरठ्यावर लक्ष्मणरेषा आखली गेली आहे, असे जनतेला सांगण्यात आले. त्या चार तासांत शहरोशहरी माणसे हातात पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धावली. पीठ, तांदूळ, तेल, मीठ, कांदे, बटाटे जे मिळेल ते त्यांनी घेतले. या धावपळीला दुसऱ्या दिवशी अडाणीपणा म्हणून नावे ठेवली गेली. वास्तविक राज्यकर्त्यांना जे आधी सुचायला हवे होते ते सामान्य गृहिणीला त्या क्षणी सुचले होते. घरात कोंडून राहायचे असेल तर प्रथम चूल पेटती राहिली पाहिजे, हा तिचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

या गोष्टीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या गेल्या, दुकानांसमोर चुन्याने आखलेली वर्तुळे पावसात धुऊन गेली. संकट सरले की ते विसरावे, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु राजकीय चळवळीला विस्मृतीची चैन परवडत नाही. साथीच्या त्या दिवसांत रोजचा बाजार करणे हे जे एक साधे काम, त्याने आपल्या समाजाची घडण जितकी उघडी केली तितकी ती शेकडो अहवालांनी केली नसेल.

टाळेबंदीच्या पहिल्याच आदेशात वाणसामान, भाजीपाला, दूध, मासे-मटण आणि शिधावाटपाची दुकाने यांना सूट होती. घरपोच माल देण्यास उत्तेजन द्यावे, असेही त्यात म्हटले होते. कागदावर पाहिले तर कोणाचीही अडचण होऊ नये. पण दुकान उघडे असणे आणि बाजार करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट घर होते. त्या घरात महिन्याचा किराणा यादी करून एकदम भरला जातो, शीतकपाटात आठवड्याची भाजी मावते, पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होतो आणि दूरध्वनीवर मागणी नोंदवली की माल दारात येतो. अशा घराने एकवीस दिवस दार लावून घेणे गैरसोयीचे असले तरी अशक्य नव्हते.

आमच्या वस्त्यांतील घर निराळे असते. तिथे बाजार रोजचा असतो, कारण मजुरीही रोजची असते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, धुणीभांडी करणारी बाई, रिक्षा ओढणारा, कचरा वेचणारी यांच्या घरी संध्याकाळी हातात पैसे आल्यावर दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापूड, पावभर डाळ आणि दोन कांदे येतात. सुटा किराणा घेणाऱ्याला तोच माल किलोमागे महाग पडतो, हे त्यालाही कळते. पण घाऊक घेण्यासाठी लागणारे भांडवल आणि साठवण्यासाठी लागणारी जागा या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी नसतात. अशा माणसाला चार तासांची मुदत देऊन तीन आठवड्यांचे सामान भरण्यास सांगणे, ही क्रूर थट्टा होती. त्याचे दुकान कोणी बंद केले नव्हते. त्याची मजुरी बंद केली होती, आणि मजुरी बंद होताच उघडे दुकानही त्याच्यापुरते बंदच झाले.

खेड्यांत वेगळ्या रूपाने हेच घडले. आपल्याकडे आठवडे बाजार हा केवळ खरेदीचा दिवस नसतो. अनेक गावांत शेतमजुराच्या हातात आठवड्याची मजुरी पडते ती बाजाराच्या दिवशी, लहान शेतकऱ्याची वांगी-मिरची विकली जाते ती त्याच दिवशी, आणि मीठमिरची घरी जाते तीही त्याच दिवशी. गर्दी होते म्हणून हे बाजार बंद झाले. एका बाजूला भाजी बांधावर सडत होती आणि दुसऱ्या बाजूला शहरात तीच भाजी दुप्पट दराने विकली जात होती. मधली साखळी तुटली म्हणजे उत्पादक आणि ग्राहक दोघेही नागवले जातात, हा धडा त्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा मिळाला.

वेळेच्या बंधनांची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारने किराणा व भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ उघडी ठेवण्याचा आदेश काढला. हेतू गर्दी कमी करण्याचा होता. पण जेवणाऱ्यांची संख्या तीच राहिली आणि वेळ मात्र चौदा तासांवरून चार तासांवर आला, तर गर्दी कमी होईल की वाढेल, हे प्राथमिक शाळेतील मुलगाही सांगू शकेल. पावणेअकराला दुकानापुढे जी झुंबड उडे तिचे खापर पुन्हा लोकांच्या बेशिस्तीवर फोडले जाई. साथीत निर्बंध नकोत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रोग खरा होता, मृत्यू खरे होते आणि संसर्ग रोखणे अत्यावश्यक होते. परंतु वस्तीतील स्त्रियांना विचारून नियम केला असता तर तो दुकाने अधिक वेळ उघडी ठेवण्याचा, वॉर्डावॉर्डात मैदानांवर भाजीबाजार पसरण्याचा आणि दिवस वाटून देण्याचा झाला असता. काही ठिकाणी मैदानांत असे बाजार भरलेही. जिथे विचारपूस झाली नाही तिथे नियमाची जागा पोलिसांच्या काठीने घेतली आणि पिशवी हातात असलेल्या माणसाला भर रस्त्यात उठाबशा काढाव्या लागल्या.

आता शिधावाटपाकडे वळू. २६ मार्च २०२० रोजी केंद्राने माणशी पाच किलो मोफत धान्य आणि कुटुंबामागे एक किलो डाळ देण्याची योजना जाहीर केली. हा निर्णय योग्य होता आणि त्यामुळे कोट्यवधी घरांत अन्न शिजले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हे शक्य झाले ते २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा अस्तित्वात होता म्हणून. ज्या कायद्याला खैरात म्हणून हिणवले गेले, त्याच कायद्याची यंत्रणा संकटात सरकारला तारून गेली.

मात्र त्या यंत्रणेच्या बाहेर कोण राहिले? या कायद्याखाली महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना धान्याचा हक्क मिळाला. लोकसंख्या मोजली ती २०११ च्या जनगणनेची. कायदा राज्यात लागू करताना शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरवण्यात आली, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. चार घरची भांडी घासणारी बाई आणि तिचा हमाली करणारा नवरा यांनी मिळून महिन्याला सहा हजार रुपये मिळवले की कायद्याच्या लेखी ते कुटुंब सुखवस्तू ठरते! अशा केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी राज्य सरकारने मे आणि जून २०२० या दोन महिन्यांकरिता आठ रुपये किलोने माणशी तीन किलो गहू आणि बारा रुपये किलोने दोन किलो तांदूळ देण्याचे ठरवले. पाच माणसांच्या कुटुंबाला त्यासाठी दोनशे चाळीस रुपये रोख मोजावे लागणार होते. गहू दळून आणायला गिरणीचे पैसे निराळे, तेल-मीठ निराळे, गॅसची टाकी निराळी. दोन महिने काम नसलेल्या घरी हे पैसे कोठून यावेत, याचे उत्तर शासननिर्णयात नव्हते.

आणि ज्यांच्याकडे कोणत्याच रंगाची शिधापत्रिका नव्हती, किंवा जी होती ती बिहारमधल्या नाहीतर मराठवाड्यातल्या गावी राहिली होती, त्यांचे काय? अशा स्थलांतरित मजुरांसाठी मोफत धान्याची घोषणा झाली १४ मे २०२० रोजी, टाळेबंदी लागू झाल्यानंतर पन्नास दिवसांनी. तोवर लाखो माणसे पायी चालू लागली होती. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले आणि रुळांवर त्यांच्या शिदोरीतल्या चपात्या विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्या काळात सरकारी कोठारांतील धान्यसाठा ठरलेल्या राखीव मर्यादेच्या दुपटीहूनही अधिक होता. पुढे मजुरांसाठी मंजूर झालेल्या आठ लाख टन धान्यापैकी निम्म्याहून कमी धान्य प्रत्यक्ष त्यांच्या हाती पडले. देशात अन्नाचा तुटवडा नव्हता. अन्नापर्यंत पोचण्याचा हक्क तुटपुंजा होता.

या काळात शहराला जगवले कोणी, तेही आठवले पाहिजे. वाण्याने वहीत उधारी मांडून माल दिला. ज्या फेरीवाल्यांना महापालिकेच्या गाड्या एरवी हुसकावून लावतात, त्यांनी हातगाडीवरून भाजी सोसायट्यांच्या फाटकाशी नेली. वाशीच्या आणि पुण्याच्या बाजार समित्यांत माथाडी-हमालांनी रोगाच्या छायेत पोती वाहिली. ते आजारी पडू लागले तेव्हाच बाजार काही काळ बंद ठेवणे भाग पडले. दुचाकीवरून घरपोच माल देणाऱ्या तरुणांनी मध्यमवर्गाचा उंबरठा शाबूत राखला. थोडक्यात, काहींना घरात सुरक्षित राहता आले ते इतर काहीजण बाहेर असुरक्षित राहिले म्हणून. यांना 'अत्यावश्यक' म्हटले गेले, क्वचित टाळ्याही मिळाल्या. टाळ्यांनंतर काय मिळाले? २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना दिलेली नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण आणि सर्वेक्षणापूर्वी न हटवण्याची हमी या गोष्टी आजही त्याला भांडून मिळवाव्या लागतात. साथीत मिळालेल्या दहा हजारांच्या कर्जाने माल घेता येतो. गाडी उभी करण्याची जागा मिळत नाही. घरपोच माल पोचवणाऱ्याला कायद्याने आता 'गिग कामगार' हे नाव दिले आहे, परंतु त्याच्या मालकाला अजून मालक हे नाव दिलेले नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नावरचा लढा नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी पक्षभेद बाजूला ठेवून मुंबईच्या रस्त्यावर लाटणे मोर्चे काढले. तेल, साखर, रॉकेल हे स्वयंपाकघरातले शब्द त्यांनी विधिमंडळाच्या दारात नेऊन उभे केले. १९७४ साली पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली आणि कष्टकऱ्याला परवडणारे अन्न त्याच्याच संघटनेने देता येते हे दाखवून दिले. बाजारहाट हे बायकांचे किरकोळ काम नसून तो राजकारणाचा गाभा आहे, ही दृष्टी त्या पिढीने आपल्याला दिली.

या कसोटीवर आपण स्वतः कितपत उतरलो? आमच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत जीव धोक्यात घालून शिध्याच्या पिशव्या वाटल्या, याचा आम्हांला अभिमान आहे. पण वाटपाची छायाचित्रे काढण्याच्या चढाओढीत आपलीही काही माणसे सामील झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या माऊलीने कॅमेऱ्यापुढे पदर डोळ्यांवर ओढून पिशवी घेतली, तिला आपण अन्न दिले आणि तिच्याकडून मान काढून घेतला. भुकेच्या क्षणी मदत आवश्यकच असते. तथापि पिशवी वाटून संपली की आपले काम संपले, असे समजणारा कार्यकर्ता आणि दानशूर शेठजी यांत फरक उरत नाही.

म्हणून पुढची साथ, पुढचा दुष्काळ वा पूर येण्याआधीच काही गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. २०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेली आहे. २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अन्नसुरक्षेच्या लाभार्थींची संख्या नव्याने ठरवण्यास केंद्राला सांगितले होते. नवी शिरगणती होईपर्यंत कागदावर नसलेल्या माणसांनी उपाशी थांबावे, हे मान्य होता कामा नये. शहरांतील उत्पन्नाची मर्यादा वाढली पाहिजे, आणि आमची मूळ मागणी, सर्वांसाठी एकच शिधावाटप, आपण पुन्हा मांडली पाहिजे. धान्याबरोबर डाळ आणि तेल हे संकटकाळी हक्काने मिळाले पाहिजे. फेरीवाल्यांच्या जागा वॉर्डाच्या नकाशावर कायम झाल्या पाहिजेत, कारण जवळचा बाजार हाच साथीत सर्वांत सुरक्षित बाजार असतो.

आणि एक काम असे आहे की त्यासाठी कोणत्याही मंत्र्याच्या सहीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक रास्त भाव दुकानासाठी दक्षता समिती असावी, अशी तरतूद अन्नसुरक्षा कायद्यातच आहे. आपल्या वस्तीतल्या दुकानाची समिती आहे काय, तिच्यावर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढे तीन प्रश्न प्रत्येक शाखेने या महिन्यात तहसील वा शिधावाटप कार्यालयात जाऊन विचारावेत. समिती नसेल तर ती करून घ्यावी, आणि तिच्यावर भाषण करणारा पुढारी न नेमता रोज सकाळी रांगेत उभी राहणारी बाई बसेल असे पाहावे. पुढच्या संकटात कोणत्या वेळी दुकान उघडायचे, कोणाच्या घरी काय संपले आहे आणि कोणाची शिधापत्रिका गावी राहिली आहे, हे तिला ठाऊक असेल. २०२० साली ते कोणी तिला विचारले नाही. पुन्हा तसे घडू नये, याची जबाबदारी आपली आहे.