आजीच्या केसांभोवतीची काळी कड

विषय जरा तांत्रिक आहे, पण निम्मे नातेवाईक या प्रकरणात सामील असल्यामुळे वाचतीलच!

मागच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी तिचा मोठा फोटो करायचं ठरलं, आणि लक्षात आलं की आजीचा एकटीचा असा धड फोटोच नाही. (त्या पिढीतल्या बायकांचे नसतातच. सगळे ग्रुप फोटो, आणि त्यातही या मागच्या रांगेत.) शेवटी काकांच्या अल्बममधून १९९४ सालचा, आत्याच्या लग्नातला एक फोटो निघाला. तो स्कॅन केला. चुलतभावाने मोबाईलवर एका टिचकीत आजीला कापून काढली, मागे फिकट निळं आकाश टाकलं, वर सावलीचा इफेक्ट दिला आणि फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा झाला. धडाधड नमस्काराचे हात आले. आईने मात्र चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ह्या सासूबाई वाटतच नाहीत."

आईचं बरोबर होतं. आजीचे भुरभुरणारे पांढरे केस गेले होते आणि डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखं दिसत होतं. भोवती काळपट कड होती, ती वेगळीच.

ही कड कुठून आली? फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. पारदर्शकतेसाठी चौथा लागतो, त्याला अल्फा म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. साधारणपणे ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण दिसणारा. जुन्या जीआयएफमध्ये ठिपका एकतर असायचा नाहीतर नसायचा. मधल्या सगळ्या पायऱ्या १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीने वेबवर आणल्या. आणि केसांचा सगळा मामला त्या मधल्या पायऱ्यांतच असतो. स्कॅनमध्ये एक केस एका ठिपक्यापेक्षाही बारीक असतो, म्हणजे तो ठिपका अर्धा केस आणि अर्धा मागचा दरवाजा. लग्नघराचा दरवाजा गडद तपकिरी होता. ठिपका अर्धा पारदर्शक केला तरी त्याच्या रंगात दरवाजा मिसळलेलाच राहतो. निळ्या आकाशावर ठेवला की तो दरवाजा बरोबर येतो. हीच ती कड.

सावलीचंही तसंच. सॉफ्टवेअर चेहरा वगैरे ओळखून सावली पाडत नाही. अल्फाचा आकार घेतं, काळा भरतं, धूसर करतं आणि थोडा सरकवतं. मागे पांढरं शिल्लक असेल तर सावली पडते चौकटीची. म्हणून माझं ठाम मत आहे की इफेक्ट बिघडला तर इफेक्टला शिव्या देऊ नयेत, आधी कड तपासावी. तीही त्या राखाडी-पांढऱ्या चौकडीवर नाही. ती चौकडी फार फसवी. खाली एक भडक रंगाचा थर टाकून बघा. मी पोपटी टाकला तर आजीभोवती न पुसलेले कितीतरी पुसट ठिपके दिसले. त्यांनाही सावली पडलेली होती!

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, एवढं कोण बघतंय?" अरे, आईने बघितलं ना!

मग दोन संध्याकाळी मी गिंप घेऊन बसलो. खोडरबर वापरला नाही. खोडलेलं फाईल बंद केल्यावर परत येत नाही. लेअर मास्क लावला. त्यात काळा लपवतो, पांढरा दाखवतो, करडा अर्धवट दाखवतो. केसांवरून मऊ करडा ब्रश फिरवत राहिलो. तरी निळ्यावर कड उरलीच. तेव्हा अक्कल आली की आधी मागचा रंग ठरवायला हवा होता, कापायचं नंतर. आकाश काढलं, दरवाजाच्या जवळचा तपकिरी टाकला. कड आपोआप मिसळून गेली. सावली तर काढूनच टाकली. आजी भिंतीपासून चार बोटं पुढे तरंगत असल्याचं दाखवायची काय गरज?

एक घोळ मीही घातला. गडबडीत मागचा थर बंद असतानाच जेपीजी करून फोटोवाल्याला पाठवली. जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही, त्यामुळे सगळं मागचं पांढरंफटक झालं. त्याचा फोन आला. थर परत चालू करून पुन्हा पाठवली. तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, खांद्यावर कुणाची तरी बोटं राहिलीत. काढू का?"

टिचकीवाल्या ॲपने ती बोटं आजीचीच समजून ठेवली होती. मास्क करताना मलाही दिसली होती, आणि माझा ब्रश तिथे थांबला होता. बांगड्यांवरून काकूने ओळखलं, आत्याचा हात. सासरी निघायच्या आधीचा फोटो.

"राहू द्या," म्हटलं.

फोटो आता काकांच्या हॉलमध्ये लागलाय, बोटांसकट. थरांसकट मूळ फाईल माझ्याकडे आहे. ज्यांना प्रत हवी त्यांनी सांगा, पण फोटो म्हणून नाही, फाईल म्हणूनच पाठवीन.